सीसीआरसीचा करार: टाइप ए घ्यावा की सी?

एडिसनकर: नमस्कार. मी ७४, बायको ७१. घरातले जिने नकोसे झालेत, मुलगा सिॲटलला. पेनसिल्व्हेनियात एक सीसीआरसी, म्हणजे म्हातारपणी राहायची सोय आणि पुढे लागेल तशी देखभाल एकाच आवारात देणारी वसाहत, बघून आलो, आवडली. टाइप एचं प्रवेश शुल्क सीपेक्षा बरंच जास्त आहे. दोघंही धडधाकट आहोत, मग एवढे पैसे कशाला अडकवायचे? हिच्या आईला मात्र शेवटी स्मृतिभ्रंश होता.

फिलीची_मावशी: भाऊ, जाता जाता लिहिलंत तेच महत्त्वाचं. एमध्ये आज जास्त भरायचं, पण पुढे असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामांत मदत) किंवा नर्सिंगमध्ये (चोवीस तास शुश्रूषा) जावं लागलं तरी महिन्याचा आकडा जवळपास तोच राहतो, दरवर्षीची वाढ सोडून. सीमध्ये तेव्हा जो दर असेल तो. बीमध्ये ठरावीक दिवस फुकट किंवा सवलतीत, मग मीटर सुरू. मेडिकेअरच्या, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, भरवशावर राहू नका. हॉस्पिटलात तीन दिवस ॲडमिट राहिलात तर स्किल्ड नर्सिंगचे (प्रशिक्षित नर्स-थेरपिस्टकडून उपचारांचे) जास्तीत जास्त १०० दिवस, त्यातले पूर्ण पैसे पहिल्या २० दिवसांचेच. नुसतं आंघोळ घालायला, भरवायला माणूस लागला तर छदामही नाही.

आम्ही ए घेतला. यजमान दोन वर्षं नर्सिंगमध्ये आहेत, मी वरच्या मजल्यावर. बिलात त्यांच्या नावापुढे जादा जेवणांचे पैसे तेवढे वाढले.

सीपीए_नाना: मी सरसकट ए म्हणणार नाही. लाँग टर्म केअर पॉलिसी (असिस्टेड लिव्हिंग, नर्सिंग अशा दीर्घकाळच्या देखभालीचा खाजगी विमा) असेल तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातील. मग बी-सी बघा. एच्या शुल्काचा काही भाग वैद्यकीय खर्चात दाखवता येतो, पण करात वजावट एजीआयच्या (समायोजित एकूण उत्पन्नाच्या) ७.५ टक्क्यांवरच्या रकमेचीच. आणि प्रवेश शुल्क '९० टक्के परत' वाचून हुरळू नका. बऱ्याच करारांत तुमची जागा पुन्हा विकली गेली की मगच पैसे मिळतात. माझ्या एका क्लायंटची मुलगी चौदा महिने थांबली होती. संस्थेचं डिस्क्लोजर स्टेटमेंट (कारभाराची आणि पैशांची लेखी माहिती) आणि ऑडिट मागून घ्या. संस्थाच बुडाली तर आजन्म काळजीचा कागद काय कामाचा?

एडिसनकर: पॉलिसी माझी आहे, हिची नाही.

फिलीची_मावशी: दोघांना वेगवेगळे करार देतात का, विचारा. पण लवकर. एसाठी तब्येत तपासतात, स्मृतिभ्रंशाचं निदान झालेलं असेल तर बहुतेक घेत नाहीत.

एडिसनकर: गेल्या महिन्यात हिने दोनदा गॅस तसाच चालू ठेवला. वर लिहायचं टाळलं.

फिलीची_मावशी: मग आधी डॉक्टर. अर्जात काही लपवू नका, पुढे तोच करार मोडायला कारण होतं.