बर्लिनमध्ये ऑक्टोबरपासून एम.एस्सी. : खोली, पत्त्याची नोंदणी आणि पहिल्या महिन्याबद्दल सल्ला हवा आहे

सांगलीकर

नमस्कार मंडळी. येत्या ऑक्टोबरपासून बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत माझे एम.एस्सी. सुरू होत आहे. व्हिसा हाती आला असून १८ सप्टेंबरचे तिकीटही काढले आहे. विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत नाव असले, तरी तिथून इतक्यात काही कळेल असे वाटत नाही. एका मुलीची खोली तीन महिन्यांसाठी दरमहा ४५० युरोंना मिळते आहे. मात्र त्या पत्त्यावर आनमेल्डुंग, म्हणजे रहिवासाची नोंदणी, करता येणार नाही असे तिने आधीच सांगितले आहे. भाडे कमी असल्याने आईबाबांचा कल ती घेण्याकडे आहे. घ्यावी का? शिवाय पहिल्या महिन्यात हाताशी किती पैसे असावेत आणि सामानात काय आणावे, हेही जाणकारांनी सांगावे.

शार्लोटेनबुर्गवासी

खोली घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला, तुम्ही तिथे राहता असे सांगणारा कागद लागतो. भाडेकरार दाखवून भागत नाही. पुढे निवास परवाना, करक्रमांक आणि बऱ्याच बँकांतले खाते या साऱ्यांची गाडी त्या नोंदणीपाशीच अडते. तीन महिने स्वस्तात राहून डिसेंबरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा, शंभर युरो जास्त मोजून नोंदणी होणारी खोली घेतलेली बरी.

नोंदणीसाठी ब्युर्गरआम्टची, म्हणजे नागरिकांची कामे होणाऱ्या सरकारी कार्यालयाची, वेळ आगाऊ घ्यावी लागते. तुम्ही राहता त्याच भागातल्या कार्यालयात जावे असे बंधन नाही, शहरातले कुठलेही चालते. त्यामुळे सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून लांबच्या उपनगरातली वेळ मिळाली, तरी ती सोडू नये. दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली, तर मुदतीत प्रयत्न केल्याचा पुरावा म्हणून ती घेतल्याचा ई-मेल जपून ठेवावा.

आता एक गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती. इथल्या इमारतींत सहसा फ्लॅटला क्रमांक नसतो. टपाल येते ते पत्रपेटीवरच्या आडनावाच्या भरवशावर. मी नोंदणी करून निर्धास्त झालो, पण खाली पेटीवर घरातल्या तिघांचीच नावे होती, माझे नव्हते. करक्रमांकाचे पत्र आले आणि तसेच परत गेले. मला ते कळले महिन्याभराने, विद्यापीठातल्या अर्धवेळ कामाचा पहिला पगार करक्रमांकाअभावी जबर करकपात होऊन हाती पडला तेव्हा. (जादा कापलेला कर नंतर परत मिळाला, पण तोवर महिना फार ओढाताणीत गेला.) किल्ली हाती आली की सामान उघडण्याआधी कागदाची पट्टी कापून पेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटवावे.

नोयकोल्नची सुगरण

सामानाबद्दल सांगते. अॅल्युमिनियमचा कुकर आणू नका, इंडक्शन शेगडीवर तो चालत नाही. स्टीलचा, त्या शेगडीवर चालणारा, तीन लिटरचा पुरे. मसूर, छोले, कोथिंबीर, मिरच्या तुर्की दुकानांत उत्तम मिळतात आणि मायबाखऊफरचा बाजार मंगळवारी व शुक्रवारी भरतो. तूरडाळ आणि पोळीची कणीक मात्र भारतीय दुकानातूनच घ्यावी लागते. सुपरमार्केटमधल्या ४०५ क्रमांकाच्या पिठाच्या पोळ्या करायला गेलात, तर तो मैदा निघतो. गोडा मसाला आणि मेतकूट घरूनच आणा. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारी दूध-भाजी आणून ठेवायची सवय लावून घ्या. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या फेकू नका, यंत्रात परत टाकल्यावर प्रत्येकी २५ सेंट मिळतात.

जुना बर्लिनकर

पैशांबद्दल थोडे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. पण ते मिळू लागायला आधी इथले चालू खाते लागते, म्हणजे पहिले काही आठवडे त्या पैशाला हात लावता येत नाही असेच धरून चालावे. त्यामुळे माझ्या मते किमान दीड-दोन हजार युरो वेगळे, कार्डावर आणि थोडे रोख, असावेत. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. जाहिरातीत 'वार्म' लिहिलेले भाडे हीटिंगसह असते, 'काल्ट' म्हणजे त्याशिवायचे. तुलना नेहमी 'वार्म'ची करावी. खोली न पाहता आगाऊ पैसे मागणारा आणि 'मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो' म्हणणारा घरमालक हमखास भामटा असतो.

रिंगबानच्या आतच राहायचे हा हट्टही सोडावा. ती वर्तुळाकार लोकल तासाभरात पूर्ण फेरी मारते, यावरून अंतरांचा अंदाज येईल. श्पांडाउसारख्या भागातून तुमचे विद्यापीठ फार दूर नाही आणि विरारहून चर्चगेट गाठणाऱ्यांना तर तो प्रवास वाटणारही नाही. विमानतळ तिकीटदरांच्या 'सी' झोनमध्ये येतो, तेव्हा पहिल्या दिवशी 'एबीसी' तिकीट काढावे. 'एबी' तिकिटावर पकडले गेल्यास ६० युरो दंड आहे.

सांगलीकर

सर्वांचे मनापासून आभार. त्या मुलीला आज नकार कळवला. श्पांडाउमध्ये तिघांच्या घरात ५७० युरो वार्मला एक खोली दिसते आहे, नोंदणी होईल असे लेखी दिले आहे आणि परवा व्हिडिओ कॉलवर घर दाखवणार आहेत. एक शंका राहिली : पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचेही नाव आहे. करारात आणि पेटीवर काय लिहावे?

शार्लोटेनबुर्गवासी

करारात आणि घरमालकाच्या कागदावर पासपोर्टवर आहे तसेच, बाबांच्या नावासह, अक्षरन् अक्षर तेच. पेटीवर फक्त आडनाव, पण स्पेलिंग पासपोर्टवरचेच. व्हिडिओ कॉलवर खोलीबरोबर जिना उतरून पत्रपेट्याही दाखवायला सांगा. तिथे राहणाऱ्यांची नावे पेटीवर आहेत की नाहीत, हे तेव्हाच कळेल.