मांड्या धरल्यावर बर्फाचा ड्रम की उंडीचं तेल?

लालमाती, वेंगुर्ला
मोसमाच्या पहिल्या आठवड्यात कबड्डीच्या पोरांच्या मांड्या धरतात, जिना उतरताना कठडा लागतो. माझं मत: उंडीच्या तेलाच्या मालिशीचा (उंडी म्हणजे किनाऱ्यावरचं झाड, तेल त्याच्या बियांचं) नाद सोडा, गार पाण्यात उतरवा. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात १७ छोट्या चाचण्या होत्या. नुसत्या विश्रांतीपेक्षा गार पाण्याने दुखणं कमी निघालं, तेही ९६ तासांपर्यंत.

कृती अशी. २०० लिटरचा निळा ड्रम, पाणी १३० लिटरच, कारण माणूस उतरला की ते वर चढतं. २८ अंशांचं पाणी १४ वर आणायला हिशेबाने २० किलो बर्फ लागतो. तापलेला ड्रम धरून २५ आणा. कमरेपर्यंत, १० ते १५ मिनिटं, आणि १० अंशांच्या खाली नाही. हृदयाचा त्रास असलेल्याला उतरवूच नका. जेट्टीवरच्या बर्फाचा चुरा थेट ओतू नका. मासळीला तो चालतो, पण इथे गुडघे-कोपरं सोललेली पोरं उतरणार. लादी फोडून जाड पिशव्यांत घट्ट बांधा आणि मग सोडा.

खाजणकाठ, मालवण
समुद्र आसा मां, मग डरम कित्याक?

लालमाती
आपल्याकडचा समुद्र साधारण २५ ते ३० अंश. डुंबून बरं वाटेल, पण चाचण्यांतलं गार पाणी बहुतेक १५ किंवा त्याखालचं असतं.

उंडीवाली, देवगड
अजिबात पटलं नाही. २०१८ साली ड्यूपुई आणि सहकाऱ्यांनी ९९ अभ्यास एकत्र तपासले, त्यात दुखणं आणि थकवा दोन्हींवर मालिश सगळ्यांत वरचढ ठरली. सरावानंतर दोनेक तासांनी, २० ते ३० मिनिटं, गुडघ्याकडून जांघेकडे, पूर्ण तळव्याने लांब हात. अंगठे रुतवणारे हौशी मालिशवाले दुसऱ्या दिवशी नवंच दुखणं देऊन जातात.

बर्फाचा तोटाही सांगा की! रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास बघा. १२ आठवडे वजनांचा व्यायाम, प्रत्येक वेळी नंतर १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं. त्या गटाचे स्नायू आणि ताकद कमी वाढली. मोसमाआधी ताकद कमवायची आणि रोज ड्रममध्ये विझवायची, हे कसलं नियोजन?

पोटरी, रत्नागिरी (फिजिओ)
मालिशीचं श्रेय हाताचं, उंडीचं नव्हे. त्या आढाव्यात उंडीची बाटली कुणी उघडली नव्हती.

आपण 'अंग आंबलं' म्हणतो, त्यामुळे लॅक्टिक ॲसिड साचून दुखतं ही गोष्ट लगेच पटते. पण ते तासाभरात निवळतं आणि हे दुखणं १ ते ३ दिवसांनी शिगेला जातं. खरं कारण म्हणजे स्नायू ताणला जात असताना जोर लावणं. चढाईत पुढे झेपावून गचकन थांबणं, पकडीत मागे रेटले जाताना पाय रोवणं, दोन्हीकडे मांडी ब्रेक लावते. तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग सूज आणि ठणका.

आता मुद्दा. काहीही न करता हे चार-पाच दिवसांत ओसरतं, आणि तोच भार आठवडाभराने पुन्हा दिला तर त्रास बराच कमी होतो. म्हणजे पहिल्यांदा काहीच नाही आणि दुसऱ्यांदा तेल, अशी तुलना केली तर तेल जिंकणारच. बर्फालाही हेच लागू. शिवाय २०१४ च्या ब्रोचच्या अभ्यासात कोमट पाण्यात साधं त्वचेचं क्लेंझर टाकून 'रिकव्हरीचं तेल' म्हणून सांगितलं, तर ते गार पाण्याच्या तोडीचं ठरलं.

तपासायचंच तर एकाच दिवशी, एकाच पोराचे दोन पाय. नाणं उडवून एका पायाला उंडी, दुसऱ्याला खोबरेल. हात तोच, वेळ तीच. २४, ४८ आणि ७२ तासांनी पायरी उतरताना प्रत्येक पायाला ० ते १० गुण. बसल्या जागी विचारू नका, हे दुखणं हालचालीत कळतं.

उंडीवाली
मग मालिशवाला खोबरेलाच्या पायावर हात हलका ठेवेल, नकळत का होईना.

पोटरी
म्हणून त्यालाही सांगायचं नाही कोणतं काय ते. आणि कोणी गोळीचं काढण्याआधीच: घामाघूम, पाणी न पिता आयबुप्रोफेन घेऊ नका, मूत्रपिंडावर येतं. दुखणं वाढत चाललं, सूज आली आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तेलही नाही, बर्फही नाही, थेट दवाखाना. स्नायू विरघळत असल्याची ती खूण आहे.

खरा उपाय तसा कंटाळवाणा आहे. मोसमाच्या दोन-तीन आठवडे आधी कमी फेऱ्यांनी सुरुवात, दर तिसऱ्या दिवशी थोडी वाढ. कुणी करत नाही, ते वेगळं.

लालमाती
ठीक. सरावातून ड्रम काढतो. स्पर्धेत सकाळ-संध्याकाळ सामने असले की मात्र ड्रम राहणार. तिथे ताकद कमवायची नसते, उभं राहायचं असतं.

पण तुमची चाचणी पहिल्याच दिवशी फुटेल. उंडी हिरवट आणि तिचा वास हातभरावरून येतो, कोणता पाय कुठला हे आंधळाही सांगेल.

खाजणकाठ
मगे दोनय घोट्यांक थोडी उंडी फासा. वास सारखोच येतलो.