मध्यगासंपात, गुरुत्वमध्य की केंद्रक?

त्रिज्या : शाळेसाठी एका इंग्रजी कृतिपत्रिकेचं मराठी करते आहे. कृती १ : पुठ्ठ्याचा त्रिकोण टांगून ओळंब्याने 'सेंट्रॉइड' शोधा. कृती २ : १२, १६, २० सेंमी बाजूंचा तारेचा त्रिकोण घेऊन तेच करा. मी 'गुरुत्वमध्य' (सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू) लिहिलं होतं, तपासनिसांनी दोन्हीकडे 'मध्यगासंपात' केलं. बरोबर काय?

गुण्या : मध्यगासंपात. शब्दातच व्याख्या आहे : मध्यगा (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या रेघा) जिथे मिळतात तो बिंदू, शिरोबिंदूकडून २:१.

काटकोन : ओळंबा गुरुत्वमध्य दाखवतो. पुठ्ठ्यात तो आणि मध्यगासंपात एकच, म्हणून चालेल; तारेत फसेल. तारेचं वजन बाजूंवर, लांबीच्या प्रमाणात असतं. तुमच्या त्रिकोणात मध्यगासंपात १२च्या बाजूपासून ५.३३ सेंमीवर, तारेचा गुरुत्वमध्य ६ सेंमीवर. १६च्या बाजूपासून दोन्ही ४ सेंमी. काटकोनाच्या टोकाला टांगलंत तर ओळंबा कर्णाच्या मध्याला न लागता साधारण ६ मिमी सरकून १६च्या बाजूच्या टोकाकडे जाईल. पोरं म्हणतील प्रयोग चुकला.

गुण्या : सहा मिमी म्हणजे दोऱ्याचीच चूक नव्हे कशावरून?

काटकोन : भोक खिळ्यापेक्षा सैल ठेवा, घट्ट असलं की त्रिकोण मधेच अडकतो. दोरा बारीक, वजन जड. दोन टोकांवरून बिंदू मिळतो, तिसरं पडताळ्याला. पुठ्ठ्यावर तीन रेघांत चिमुकला त्रिकोण उरला तर चूक टांगण्यातली.

शुद्धमराठी : मुळात 'केंद्रक' हा सुटसुटीत, अस्सल संस्कृत शब्द असताना हे लांबलचक समास हवेतच कशाला?

ओळंबा : 'केंद्र' ग्रीक हो! 'केन्ट्रोन' म्हणजे टोचणी, कंपासचं रोवलेलं टोक. आपल्या ज्योतिषग्रंथांनी तो कधीच पचवला. 'केंद्रक' ही हिंदीची सोय आहे, मराठीत तो अणूच्या गाभ्याला दिलाय.

शुद्धमराठी : ग्रीक असो, रुळला ना? मग 'सर्कमसेंटर'ला 'परिमध्य' म्हणणाऱ्यांना विचारा, एक कोन १२० अंशांचा असलेल्या त्रिकोणात तो बाहेर पडतो, मग 'मध्य' कशाचा?

गुण्या : परिवर्तुळाचा, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा. त्रिकोणाच्या आत राहायचं त्याने कबूल केलेलं नाही. शिरोलंबसंपातही विशालकोनात बाहेरच असतो. 'संपात' म्हणताना आत-बाहेर हा प्रश्नच येत नाही.

ओळंबा : 'संपात' ज्योतिषातलाही आहे, वसंतसंपात. क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग) आणि आकाशातलं विषुववृत्त मिळतात ती जागा. एकाच बिंदूतून जाणाऱ्या रेषांना हिंदीवाले 'संगामी रेखा' म्हणतात, त्या कानाला गोड लागतात, पण 'एकसंपाती' ऐकलं की बिंदू डोळ्यांपुढे येतो.

गुण्या : वसंतसंपातात दोनच वर्तुळं. भूमितीत दोन रेषा नुसत्या छेदतात, त्यांना एकसंपाती म्हणण्यात काही राम नाही. तिसरी त्याच बिंदूतून गेली की सिद्धता लागते.

त्रिज्या : मग कृती २मध्ये काय लिहू?

काटकोन : 'तारेचा गुरुत्वमध्य'. आणि मूळ पत्रिकेतलं उत्तरही तपासा, तिथेही २:१च दिलं असेल तर ते चूक.

शुद्धमराठी : 'गुरुत्वमध्य' की 'गुरुत्वकेंद्र'? हा घोळ वेगळाच.

ओळंबा : पुन्हा 'केंद्र'!