‘अ‍ॅबॉलिशनिस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: १८३०च्या दशकातल्या अमेरिकन वर्तमानपत्रांवर लेख लिहितेय. ‘अ‍ॅबॉलिशनिस्ट’साठी सगळीकडे ‘गुलामगिरीविरोधी’ घातलंय. चालेल ना?

गोदाकाठ: नाही चालणार, ताई. ‘अ‍ॅबॉलिशनिस्ट’ म्हणजे गुलामगिरी ताबडतोब संपवा म्हणणारे. नुसते विरोधी पुष्कळ होते. लिंकन गुलामगिरीला अन्याय मानत, पण डिसेंबर १८६२मध्येही त्यांनी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकन संसदेपुढे, योजना मांडली ती मालकांना भरपाई देत १९०० सालापर्यंत ती संपवण्याची. संपादक गॅरिसन हे खरे अ‍ॅबॉलिशनिस्ट, त्यांना असले हप्ते मुळीच मान्य नव्हते. बॉस्टनहून १ जानेवारी १८३१ला ‘लिबरेटर’ हे वर्तमानपत्र सुरू केलं, त्या पहिल्याच अंकात त्यांनी ‘हळूहळू मुक्ती’ला पूर्वी दिलेली आपली संमती जाहीरपणे मागे घेतली. ‘आत्ताच्या आत्ता’ हा अर्थ शब्दात हवाच. मी ‘उच्छेदवादी’ लिहितो.

पाटीपेन्सिल: फारच संस्कृत वाटतंय हो. ‘निर्मूलनवादी’ का नको? निर्मूलन रुळलेलं आहे.

गोदाकाठ: रुळलंय म्हणूनच नको. आपल्याकडे हिवताप निर्मूलन किती वर्षं चाललंय?

पाटीपेन्सिल: हाहा, मान्य. पण ‘दासप्रथा’ तरी कुणी लिहू नका. रामदास, तुळशीदास म्हणणाऱ्या भाषेत दास होणं भूषणाचं आहे. फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हेच नाव दिलं, आणि पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना.

कृष्णामाई: एक राहिलं. तेव्हा बहुतेकांच्या तोंडी ‘अ‍ॅबॉलिशनिस्ट’ ही शिवीच होती. इलिनॉयमधल्या ऑल्टनला गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे संपादक लव्हजॉय यांचे छापखाने जमावाने पुन्हा पुन्हा फोडले. ७ नोव्हेंबर १८३७ला नवं यंत्र वाचवताना ते गोळी लागून मेले. त्याआधी १८३५मध्ये खुद्द बॉस्टनमध्ये जमावाने गॅरिसनना दोरी बांधून रस्त्यातून ओढलं होतं. ‘निर्मूलनवादी’ म्हणून कोण कुणाला शिव्या देईल? ‘उच्छेदवादी’त उच्छाद ऐकू येतो, आणि विरोधकांना नेमकं तेच म्हणायचं होतं. शिवाय लेखात गोऱ्या संपादकांवरच थांबू नका. ‘लिबरेटर’च्या आधी, १८२७मध्ये, न्यूयॉर्कला कॉर्निश आणि रसवर्म या काळ्या संपादकांनी ‘फ्रीडम्स जर्नल’ काढलं होतं. पुढे १८४७मध्ये रॉचेस्टरहून फ्रेडरिक डग्लसचं ‘नॉर्थ स्टार’ आलं. डग्लस स्वतः गुलामीतून पळून आलेले.

शब्दवेडी: मग ‘उच्छेदवादी’च ठेवते, आणि पहिल्या उल्लेखाला एका ओळीत अर्थ देते. आता डग्लसना ‘फरारी गुलाम’ म्हणू का? फरारी म्हटलं की गुन्हेगारच डोळ्यांसमोर येतो.

कृष्णामाई: कायद्याच्या किंवा मालकाच्या तोंडी ‘फरारी’ ठेवा. तुमच्या वाक्यात ‘निसटलेले’.