लाइन गेल्यावर रात्र कशी काढता? पॉवर स्टेशनचे अनुभव लिहा

वावधन आलं की आपल्याकडे कुठं खांब पडतो, कुठं डीपी जळते. इन्व्हर्टर-बॅटरी घ्यावी की उचलून नेता येणारं लिथियमचं पॉवर स्टेशन (म्हणजे आत बॅटरी आणि बाहेर सॉकेट असलेला डबा), असं बरेच जण विचारताहेत. ज्यांनी वापरलं त्यांनी लिहा. कंपनीच्या नावापेक्षा काय चालतं आणि किती वेळ, हे सांगा.

वरोरा तालुका
आमचं १,००० वॅट-तासांचं आहे. पंख्याच्या सॉकेटातून त्यातले ८५० च्या आसपास मिळतात, बाकी यंत्र स्वतःच खातं. साधा पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० चा. म्हणून आधी दोन्ही पंखे बदलले, मग स्टेशन आणलं. आता दोन पंखे, दोन दिवे, मोबाइल यांवर रात्र निघते. कुलर लावला तर मध्यरात्रीनंतर काही उरत नाही. आणखी एक, टिनाच्या खोलीत चार्जिंगला लावू नका. सेल ४५ अंशांच्या वर गेला की चार्जिंग थांबतं, आणि आपला मे महिना तर ठाऊकच आहे.

कारंजा
बाबांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, लागतं. पाच लिटरचं यंत्र ३५० वॅटच्या आसपास ओढतं, म्हणजे वरोऱ्याच्या दादांचं स्टेशन अडीच तासही पुरणार नाही. आम्ही २,००० चं घेतलं, तरी भरलेलं सिलिंडर उशाशी असतंच. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी एवढं कराच: लाइन असताना, सिलिंडर तयार ठेवून, स्टेशनचा भिंतीतला प्लग काढा आणि यंत्र किती वेळ चालतं ते घड्याळ लावून बघा. डब्यावरच्या आकड्यावर जीव सोपवू नका.

अचलपूर
मी इन्व्हर्टरच्या पाणी घालायच्या ट्यूब्युलर बॅटरीवरच आहे. १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, पण टिकवायची तर निम्मीच वापरावी. उन्हाळ्यात पाणी वारंवार बघावं लागतं. मात्र बिघडली तर परतवाड्यात दुरुस्त होते, जुनी दिली की पैसे वजा होतात. सीलबंद डबा बिघडला तर पाठवायचा कुठं?

देवळी
मी वायरिंगचे कामं करतो भाऊ. दोन्हीकडं पिना लावलेली वायर करून स्टेशनचा करंट घरच्या सॉकेटात नका घालू. मेन चालू राह्यला तं तो उलटा डीपीकडे जाते, अन् तिकडं खांबावर आपल्याच गावचा लाइनमन चढलेला राह्यते. चेंजओव्हर, म्हणजे एका वेळी लाइन नाहीतं स्टेशन एकच जोडणारा स्विच, बसवा, नाहीतं पंखा सरळ स्टेशनलेच जोडा. अन् मोटरपंप नको. एक एचपी ७४६ वॅट, पण सुरू होताना कितीतरी पट ओढते.

भामरागड
पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, लाइनही नसते. इथं सोलर पॅनलशिवाय स्टेशनचा उपयोग नाही. पॅनल जोडण्याआधी स्टेशन किती व्होल्ट सोसतं ते वाचा. छतावरच्या ३३० वॅटच्या पॅनलचं मोकळं (काहीच जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज ४५ च्या आसपास असतं, काही लहान स्टेशनं २८ वरच थांबतात. घेताना एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचंच घ्या, ते हजारो वेळा भरता येतं. पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून आम्ही दिवसा फक्त मोबाइल आणि टॉर्च भरतो, पंखा रात्रीच.