नुसत्या कल्पनेने सापाची भीती कमी होते का? मेंदूत नेमके काय घडते?

कास्तकार, दारव्हा (प्रश्न)

गेल्या हंगामात कापूस वेचताना माझ्या पत्नीला पऱ्हाटीच्या बुडाशी वेटोळे घालून बसलेली घोणस दिसली. सोबतच्या बायांनी तिला मागे ओढले आणि साप धुऱ्याकडे (बांधाकडे) निघून गेला. दंश झाला नाही. तेव्हापासून मात्र ती वावरात पाय ठेवत नाही, आणि आता तर गोठ्यातला दोर किंवा अंगणातला पाण्याचा पाइप नजरेस पडला तरी तिचे हातपाय गार पडतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले. सुरुवातीला प्रत्यक्ष साप न दाखवता, डोळे मिटून टप्प्याटप्प्याने त्याची कल्पना करण्याचा उपचार त्यांनी सुचवला आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, ज्याचे भय आहे त्याचेच चिंतन केले तर भय अधिक मुरते. कल्पनेचा मेंदूवर खरोखर परिणाम होतो का, आणि होत असेल तर भीती वाढते की ओसरते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मानसशास्त्राची प्राध्यापिका, अमरावती

दादा, परिणाम निश्चित होतो, आणि तो मोजताही येतो. धोका जाणवताच मेंदूच्या आत खोलवर असलेला अमिग्डाला हा भाग सक्रिय होतो, हृदयाचे ठोके वाढतात, तळहाताला सूक्ष्म घाम सुटतो आणि त्यामुळे त्वचेची विद्युतवाहकता बदलते. सापाचे चित्र मनात स्पष्ट उभे राहिले तरी शरीराचा हाच प्रतिसाद सौम्य स्वरूपात सुरू होतो. काही माणसांना मनात चित्र उभेच करता येत नाही. अशांना 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भीतिदायक प्रसंग वाचायला दिले, तेव्हा त्यांच्या त्वचेचा प्रतिसाद जवळजवळ सपाट राहिला, तर इतरांचा वाढत गेला. भयावह छायाचित्रे डोळ्यांसमोर धरली तेव्हा मात्र दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे वाचलेल्या शब्दांचे भय शरीरापर्यंत पोचते ते मनातल्या चित्रामार्फत.

आपल्या प्रश्नाला अधिक थेट भिडणारा प्रयोग 2018 साली ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोलोरॅडो विद्यापीठ आणि न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील संशोधकांनी 68 जणांना एका विशिष्ट आवाजासोबत त्रासदायक, पण इजा न करणारा विजेचा झटका देऊन त्या आवाजाची धास्ती बसवली. नंतर झटके बंद केले. एका गटाला तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, दुसऱ्याला त्याची केवळ कल्पना करायला सांगितली, आणि तिसऱ्याला पक्ष्यांच्या व पावसाच्या आवाजाची कल्पना करायला सांगितली. पहिल्या दोन्ही गटांची धास्ती सारखीच ओसरली. तिसऱ्या गटाची टिकून राहिली. कल्पना करणाऱ्यांच्या मेंदूत ऐकण्याशी निगडित भाग तर जागा झालाच, शिवाय धोका टळल्याचे शिकवणारा कपाळामागील खालचा भागही कामाला लागला. प्रयोग आवाजाचा होता, प्राण्याचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे. तरीही केवळ प्रसन्न विचार केल्याने भीती हटत नाही, ज्या गोष्टीची धास्ती आहे तिलाच मनात सामोरे जावे लागते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

वडीलधाऱ्यांची शंकाही निराधार नाही. साप मनात आला, छाती धडधडली आणि त्याच क्षणी विचार झटकला, असे वारंवार घडले तर ‘पळालो म्हणून वाचलो’ हाच धडा मेंदू गिरवतो. उपचारात चित्रासमोर थांबायचे असते, भीती आपोआप उतरू लागेपर्यंत.

सर्पमित्र, वर्धा जिल्हा

भाऊ, एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वहिनींच्या बाबतीत जे घडले त्याचा शेवट साप निघून जाण्यात झाला आहे. कल्पना करताना तो शेवटही आलाच पाहिजे: अंगावरचे साखळीसारखे ठिपके, जोराचा फुत्कार, आणि मग गवतातून धुऱ्याकडे सरकत गेलेली घोणस. मात्र वावरातली सावधगिरी तसूभरही कमी होऊ देऊ नये. घोणस अत्यंत विषारी आहे. वेचणीला जाताना पायात उंच बूट असावेत, हाती काठी असावी, रात्री ओलिताला टॉर्च हवाच. कमी करायची आहे ती दोराची भीती.

कास्तकार, दारव्हा

दोघांचेही मनापासून आभार. तिला चित्र इतके स्पष्ट दिसते की सुरुवातीलाच थरकाप सुटतो. अशा वेळी मी थांबवावे का? आणि नागपंचमीला गारुड्याकडचा साप दाखवून हे लवकर उरकता येईल का?

मानसशास्त्राची प्राध्यापिका, अमरावती

गारुड्याकडे मुळीच नेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडून त्यांचे खेळ करण्यास मनाई आहे, आणि तयारी नसताना अचानक समोर आलेला साप भीती आणखी पक्की करू शकतो.

थरकाप सुटला तर कल्पना सोडून देऊ नका, अंतर वाढवा. 2007 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका प्रयोगात पडद्यावरचा पाठलाग करणारा शत्रू जसजसा जवळ आला, तसतशी मेंदूची हालचाल विचार करणाऱ्या पुढच्या भागाकडून मध्यमेंदूतल्या आदिम बचावकेंद्राकडे सरकली. शिकायचे असेल तर पुढचा भाग कामात असला पाहिजे. म्हणून पहिल्या दिवशी तिने स्वतःला धुऱ्यावर उभे असल्याचे पाहावे आणि साप वावराच्या पार दुसऱ्या टोकाला असावा; ते चित्र शांतपणे पाहता आले की मगच चार तासे (पिकाच्या ओळी) पुढे यावे. भीतीची अशी चढती पायरी लावण्याची पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्प यांनी 1958 सालीच मांडली होती.

जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी, सुरक्षिततेची आठवण तयार होते. त्यामुळे घरात ओसरलेली भीती वावरात पुन्हा डोके वर काढू शकते. खाटेवर सराव जमला की तोच अंगणात, मग गोठ्यात दोराजवळ उभे राहून, आणि शेवटी तुमच्या सोबतीने प्रत्यक्ष धुऱ्यावर करावा. रात्री झोपेत तोच प्रसंग दिसून ती दचकून उठत असेल, तर घरचा सराव थांबवून आधी डॉक्टरांना तसे सांगा. पुढची भेट लांब असेल तर 14416 या टेली-मानस (शासनाची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.