'काळी मेंदी' सोसली नाही, केस रंगवायला आता काय वापरू?

कृष्णाकाठची
नमस्कार. वय ४७, राहणार सांगली. गेली सहा-सात वर्षं महिन्यातून एकदा घरीच काळी मेंदी लावत होते. किराणा दुकानात माळेसारख्या लटकवलेल्या असतात त्यातली छोटी पुडी. पाण्यात कालवायची, अर्धा तास ठेवायची, केस काळेभोर. पुडीवर मोठ्या अक्षरांत 'हर्बल', खाली आवळा-शिकेकाईची चित्रं, त्यामुळे निर्धास्त होते. मधे दोन-तीनदा कानामागे खाज सुटली, ती घामाने असेल म्हणून सोडून दिली.

गेल्या महिन्यात लावली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाळाच्या कडेने पुरळ उठलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात इतकी सूज, कानांच्या पाळ्यांतून लस वाहत होती. गोळ्या आणि मलम घेऊन उतरायला दहा दिवस लागले. डॉक्टरांकडे गर्दी होती, "हे परत लावू नका" एवढंच म्हणाले.

दोन महिन्यांनी पुतण्याचं लग्न आहे. पुढचे केस जवळजवळ सगळे पांढरे. मला खरोखर नैसर्गिक असं काही हवंय, पण आता 'नैसर्गिक' या शब्दावरच विश्वास बसत नाही. पाकिटावर नेमकं काय बघायचं? कोणी अशा अनुभवातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

त्वचावैद्य
ताई, वाचून वाईट वाटलं. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि तुमच्यासारखे रुग्ण लग्नसराईत हमखास येतात. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे नक्की निदान इथे करणार नाही. पण तुम्ही सांगितलेला क्रम, म्हणजे एक-दोन दिवसांनी पुरळ, मग पापण्यांवर सूज, कानांवर लस, हा पीपीडीच्या ॲलर्जीचा अगदी ओळखीचा क्रम आहे. पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमिन. अर्ध्या तासात केस काळे करणाऱ्या बहुतेक पुड्यांचं काम हेच रसायन करतं. मेंदीच्या पाल्याला काळा रंग देताच येत नाही, त्याचा मूळ रंग केशरी ते तांबूस तपकिरी.

सहा वर्षं सोसलं मग आत्ताच का, असं रुग्ण विचारतात. ॲलर्जी अशीच तयार होते. दर वेळी शरीराची त्या पदार्थाशी ओळख वाढत जाते आणि एक दिवस ते उसळतं. कानामागची खाज ही त्याची सूचना होती. एकदा झालेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते आणि पुढचा झटका आधीपेक्षा जोरात येऊ शकतो. म्हणून 'थोडीशी लावून बघते' असा प्रयोग घरी करू नका. पॅच टेस्ट त्वचारोगतज्ज्ञाकडे करून घ्या. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि साधारण चौथ्या दिवशी पुन्हा तपासतात.

आणखी एक. पीपीडी न सोसणाऱ्या काहींना बेन्झोकेन हे बधिरतेचं औषधही सोसत नाही. ते तोंडाला लावायच्या काही जेलमध्ये आणि काही मलमांत असतं. दाताच्या डॉक्टरांना तुमची ॲलर्जी आधीच सांगून ठेवा. आणि कधी ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकल्यासारखा वाटला तर घरगुती उपाय नकोत, थेट दवाखाना.

गोदाघाट
कृष्णाकाठची ताई, मी नाशिकला बावीस वर्षं पार्लर चालवते. माझ्याकडेही आधी ह्याच पुड्या होत्या, खोटं का बोलू. एका गिऱ्हाईक काकूंचा चेहरा तुमच्यासारखाच सुजला आणि त्या दिवसापासून मी त्या बंद केल्या. आता जे करते ते सांगते. वेळखाऊ आहे, पण केस काळे दिसतात.

दोन पाल्यांची गोष्ट आहे, मेंदी आणि नीळ. नीळ म्हणजे कपड्यांना घालतो ती नव्हे हं, निळीच्या झाडाच्या पानांची हिरवट पूड, दुकानात 'इंडिगो पावडर' म्हणून मागायची. आधी मेंदी, मग नीळ. पांढऱ्या केसांवर नुसती नीळ लावली तर निळसर-हिरवट छटा येते, म्हणून मेंदीची पायरी गाळायची नाही.

खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ग्रॅम मेंदी. कोमट पाण्यात दह्याइतकी दाट भिजवा, थोडा लिंबाचा रस, आणि रात्रभर झाकून ठेवा. लिंबू टाळूला झोंबत असेल तर नुसतं पाणीही चालतं. सकाळी बटा पाडून मुळापासून लावा, दोन-तीन तास ठेवा, नुसत्या पाण्याने धुवा. शाम्पू नाही, तेल नाही. केस वाळले की नीळ. हिचं सगळं उलटं: लिंबू अजिबात नाही, भिजवून ठेवायची नाही. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा, दहा-पंधरा मिनिटांत वर निळसर साय धरते, की लगेच लावायची. उशीर झाला की तिचा जोर जातो. तास-दीड तास ठेवून धुवा. पुढचे दोन दिवस शाम्पू नको.

आणि घाबरू नका. धुतल्यावर पहिल्या दिवशी रंग विचित्र दिसतो, कधी हिरवट झाक असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हवा लागून गडद होतो. लग्नाच्या आदल्या दिवशी हा उद्योग करायचा नाही, चार-पाच दिवस आधी करायचा. आणि त्याआधी महिनाभर तरी एक रंगीत तालीम.

कृष्णाकाठची
किती नीट लिहिलंत गोदाघाट ताई, मनापासून आभार. डॉक्टर, तुमचेही. एक शंका. पार्लरमधल्या मुलीने 'अमोनिया फ्री' कलर सुचवला, म्हणाली यात केमिकल नसतं, संवेदनशील त्वचेसाठीच आहे. तो चालेल का?

त्वचावैद्य
नाही. अमोनिया आणि पीपीडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमोनिया केसाचं बाहेरचं आवरण उघडतो आणि उग्र वास येतो तो त्याचा. तो काढला म्हणजे पीपीडी गेला असं होत नाही. 'पीपीडी फ्री' लिहिलेल्या काही रंगांत त्याचाच भाऊबंद टोल्युइन-डायअमिन असतो आणि पीपीडी न सोसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तोही सोसत नाही. पॅच टेस्ट होईपर्यंत कुठलाच डबाबंद काळा रंग नको.

प्रयोगवही
मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, पाकिटाबद्दल मी लिहितो. पुढची बाजू जाहिरातीची असते. वाचायची ती मागची, 'इनग्रेडियंट्स' या शब्दापुढची ओळ. आपल्याकडच्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, फक्त एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कसेही लिहिलेले चालतात. त्यामुळे आवळा, माका, ब्राह्मी ही नावं यादीच्या शेपटाला असतील तर ती चित्रापुरती आहेत असं समजायला हरकत नाही.

पण तुमच्या बाबतीतली खरी मेख वेगळी आहे. ३० ग्रॅमपेक्षा लहान पुडीवर ही यादी छापण्याची सक्ती नाही. म्हणजे सर्वांत जास्त खपणारी आणि गावोगावी पोचणारी दहा-वीस रुपयांची पुडी, तिच्यावरच आत काय आहे ते लिहिलेलं नसलं तरी चालतं. मला याचा संताप येतो. माझी स्वतःची आई तीच वापरायची. त्यातही एक खूण शिल्लक राहते: रंगाच्या पाकिटावर 'आधी चाचणी करा, पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं' अशा अर्थाचा इशारा बारीक अक्षरांत द्यावा लागतो. नुसत्या पाल्याच्या पुडीत असा इशारा कशाला हवा? तो दिसला की पुडी खाली ठेवायची.

यादी असेल तर पीपीडी नेहमी त्याच नावाने येईल असं नाही. पॅरा-फेनिलीनडायअमिन, १,४-डायअमिनोबेंझिन, सीआय ७६०६० ही सगळी त्याचीच नावं. 'बर्गंडी' किंवा 'लाल' मेंदीत सोडियम पिक्रामेट नावाचा रंग घातलेला असू शकतो, तोही बघा. शुद्ध मेंदीच्या यादीत एकच नाव हवं, लॉसोनिया इनर्मिस. निळीच्या यादीत इंडिगोफेरा टिंक्टोरिया.

घरी करता येईल अशी साधी परीक्षा: काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्या, त्यावर चिमूटभर पूड सोडा, हलवू नका. खरी मेंदी पाण्याला हळूहळू मळकट पिवळट-तपकिरी करते. पूड पडताक्षणी लाल-नारिंगी धारा खाली उतरल्या तर त्यात वरून रंग घातलाय. ही परीक्षा पीपीडी पकडत नाही, त्याला यादी आणि वेळ हेच दोन निकष. अर्ध्या तासात काळी होणारी 'मेंदी' ही मेंदी नव्हेच. आणि अगदी पोपटी हिरवी पूड दिसली तरी मी घेणार नाही, वाळलेला पाला तसा दिसत नाही.

आजोळ
आमच्या आजीची कृती देते. खोबरेल तेलात माका, जास्वंदीची फुलं आणि एक बिब्बा ठेचून उकळायचा. केस पांढरेच होत नाहीत म्हणायची. शंभर टक्के नैसर्गिक, केमिकलचं नाव नाही.

गोदाघाट
आजोळ ताई, माका-जास्वंद जरूर, पण बिब्बा नको हो! बिब्बा उतला म्हणजे काय होतं ते आपल्या आया-आज्यांना पक्कं माहीत होतं. नुसता हाताला लागला तरी फोड येतात. आणि ह्या ताईंची त्वचा आत्ताच कुठे भरून आलीय.

त्वचावैद्य
गोदाघाट ताईंशी पूर्ण सहमत. धोबी कपड्यांवर बिब्ब्याची खूण करायचे, त्या खुणेच्या जागी अंगावर चट्टे उठल्याची वर्णनं वैद्यकात आहेत. झाडापासून आलंय म्हणून सौम्य असेल असं नाही. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांचे काळे डाग मी दर उन्हाळ्यात बघतो.

मेंदीबाबतही एक सूचना. शुद्ध मेंदीची ॲलर्जी फार क्वचित होते, तरी पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून दोन दिवस थांबा. आणि बाळांच्या हातापायांना मेंदी लावू नका, हौस म्हणूनसुद्धा. जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या बाळांमध्ये मेंदीमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याची उदाहरणं आहेत, आणि ते विकर कमी आहे हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं.

पैलतीर_जर्सी
न्यू जर्सीहून. इथल्या भारतीय दुकानांतही त्याच पुड्या मिळतात, त्यामुळे परदेशात मिळतं म्हणजे चांगलं असं समजू नये. मी राजस्थानातल्या सोजतची मेंदी वापरते. पाली जिल्ह्यातलं हे गाव मेंदीसाठीच ओळखलं जातं, २०२१ मध्ये सोजत मेंदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. घेताना चालू वर्षाचं पीक आहे का ते विचारा, जुन्या पुडीला रंग चढत नाही. उरलेली पूड मी हवाबंद डब्यात, उजेडापासून लांब ठेवते.

चंदेरी
वेगळं मत. मी ५१ व्या वर्षी रंगवणं सोडलं. पहिले आठ महिने अवघड गेले, केस अर्धे काळे अर्धे पांढरे, लोक तब्येतीची चौकशी करायचे. आता केस आखूड ठेवते आणि आवडतात मला. तुम्ही रंगवू नका असं नाही म्हणत, पण लग्नात पांढरे केस दिसले तर बिघडेल ही धास्ती असेल तर ती तेवढी काढून टाका.

कृष्णाकाठची
सगळ्यांना आज सविस्तर कळवायचं होतं.

पॅच टेस्ट करून आले. पीपीडीच्या जागी पाठीवर लालभडक चट्टा आणि बारीक फोड, शंकाच राहिली नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहून दिलंय, ते मी पाकिटात ठेवलंय आणि मोबाइलमध्येही.

मग शुद्ध मेंदी आणि नीळ मागवली. पेल्यातली परीक्षा केली, जुन्या पुडीशेजारी ठेवून. मेंदीचं पाणी संथपणे मळकट झालं. जुन्या पुडीची यादी शोधली तर ती नव्हतीच, पण इशारा होता, घडीच्या आत. सहा वर्षं हातात होती, मी कधी उलगडून वाचला नव्हता.

आधी कोपरावर, मग कंगव्यातल्या गळालेल्या पांढऱ्या केसांच्या गुंतवळावर रंग चढवून पाहिला. काल डोक्याला लावली. खाज नाही, आग नाही. आज सकाळी आरशात कानांवरचे केस हिरवट दिसले आणि छातीत धस्स झालं, पण गोदाघाट ताईंनी सांगून ठेवलं होतं म्हणून हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत गडद तपकिरी झाले आहेत.

एक राहिलंच. लग्नाच्या मेंदीसाठी जाऊबाईंनी 'दहा मिनिटांत काळी' असे कोन आणून ठेवले होते, माझ्या सहा वर्षांच्या पुतणीसाठीसुद्धा. मी ते परत करायला लावले. मेंदी काढणारीला सांगितलंय, कोन घरी भिजवलेल्या पाल्याचे हवेत. ती म्हणाली रंग दुसऱ्या दिवशी चढेल, तर मेंदी एक दिवस अलीकडे घेतली आहे.